निरोप पोचला पाहिजे

महाराष्ट्रात तळेगावे पुष्कळ आहेत. पुण्याजवळ तळेगाव दाभाडे आहे, शिरूरकडे तळेगाव ढमढेरे आहे, अमरावती जिल्ह्यात शंकरपटासाठी नावाजलेले तळेगाव दशासर आहे. एकट्या वर्धा जिल्ह्यात दोन तळेगावे नांदतात. एक तळेगाव (टालाटुले) आणि दुसरे आष्टी तालुक्यातले, नागपूर-अमरावती महामार्गावरचे तळेगाव (श्यामजी पंत). या गावाच्या नावातला कंस काही शोभेसाठी नाही. तो पत्ता आहे. कंसातले दोन शब्द सुटले की पोस्टमनपुढे प्रश्न उभा राहतो, की हे पत्र नेमके कोणत्या तळेगावचे? देशभर अशी एकाच नावाची हजारो गावे असल्यामुळेच १५ ऑगस्ट १९७२ पासून पिन कोड आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस आणि संस्कृतचे मोठे पंडित.

पत्ता हा निरोपाचा अर्धा जीव असतो. गावाच्या पत्त्यात चूक झाली तर पत्र चार दिवस उशिरा मिळते आणि लग्नाला कोणी तरी यायचे राहते. रणांगणावर तीच चूक झाली तर आपल्याच तोफा आपल्याच जवानांवर आग ओकतात, किंवा माघारी फिरण्याचा हुकूम न मिळालेली तुकडी शेवटच्या माणसापर्यंत लढून संपते. म्हणून प्रत्येक फौजेत एक दल असे असते, की ज्याचे सारे काम निरोपाभोवती फिरते. आपल्या लष्करात त्याला 'कोअर ऑफ सिग्नल्स' म्हणतात. बंदूक त्यांच्याही खांद्यावर असते, पण त्यांचे खरे हत्यार म्हणजे तार, बिनतारी संच आणि आता संगणक.

या दलाची ओळख बहुतेक घरांना २६ जानेवारीला होते. राजपथावर, म्हणजे आताच्या कर्तव्यपथावर, एका मोटारसायकलवर मनोरे रचून जाणारे जवान टीव्हीवर दिसले की घरातली पोरे जेवण सोडून धावतात. १९३५ पासूनची परंपरा असलेली ही 'डेअर डेव्हिल्स' तुकडी सिग्नल्सचीच. बिनतारी यंत्रे सांभाळणाऱ्यांना मोटारसायकलची कसरत कशासाठी, असा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर सोपे आहे. तार तुटली, यंत्र बंद पडले, तर कागद खिशात घालून गोळीबारातून सुटायला एक स्वार हवा. त्याला डिस्पॅच रायडर म्हणत. आज आपण ज्याला कसरत म्हणून टाळ्या देतो, ते एके काळचे रोजचे काम होते.

तोफेचे आवाज, मोत्यांची भाषा

मराठी माणसाला हा विषय परका वाटू नये. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याहून निघालेले शिवाजी महाराज विशाळगडी पोचेपर्यंत बाजीप्रभूंनी खिंड रोखून धरली. महाराज पोचल्याची खूण म्हणून गडावरून तोफा होतील, असे ठरले होते, ही कथा आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. सिग्नल्सच्या भाषेत सांगायचे तर तो पूर्वी ठरवून ठेवलेला, दुरून ऐकू येणारा आणि शत्रूला अर्थ न लागणारा संदेश होता. त्या तोफांच्या आवाजासाठी बाजींनी प्राण रोखून धरला. निरोपाची किंमत यापेक्षा स्पष्ट कोणी सांगू शकेल असे वाटत नाही.

शंभर वर्षांनी पानिपत झाले. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांची एक अख्खी पिढी तिथे कापली गेली. नानासाहेब पेशवे मदतीसाठी उत्तरेकडे निघाले होते, पण बातमी त्यांना कळली ती सुमारे दहा दिवसांनी, भेलशाच्या परिसरात आणि तीही एका सावकारी पत्रातून. मोती, मोहरा आणि खुर्दा अशा व्यापारी भाषेत लिहिलेला तो मजकूर होता. मोती म्हणजे कोण आणि खुर्दा म्हणजे कोण, हे पेशव्यांना क्षणात उमगले. सावकारांची सांकेतिक लिपी चोख होती, पण राज्याचा स्वतःचा निरोप वेळेवर पोचला नव्हता. दहा दिवस पेशवे जणू एका संपलेल्या लढाईच्या मदतीला चालत होते.

आपल्या पुराणांतही हे शहाणपण आहेच. अशोकवनात सीतामाईसमोर उभ्या राहिलेल्या मारुतीजवळ रामाची अंगठी होती. नुसता निरोप पुरेसा नसतो. तो खरोखर त्यानेच पाठवला आहे याची खूण लागते. आजही बिनतारी संचावर समोरचा आवाज आपल्याच माणसाचा आहे की शत्रूने आपली भाषा शिकून चालवलेली फसवणूक आहे, हे पाहण्यासाठी परवलीची देवाणघेवाण होते. अंगठीच्या जागी आकडे आणि अक्षरे आली, एवढाच फरक.

आरशापासून बिनतारीपर्यंत

आपल्याकडे विजेच्या तारेने निरोप धाडायचा प्रयोग १८५० साली कलकत्त्याजवळ झाला आणि पुढच्या पाच वर्षांत कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास ही शहरे तारायंत्राने जोडली गेली. ११ मे १८५७ रोजी मेरठहून आलेले शिपाई दिल्लीत शिरले, तेव्हा दिल्लीच्या तारघरातून अंबाल्याला गेलेल्या तारेने इंग्रजांना सावध केले. राज्य तारेवर चालते, हे तेव्हापासून राज्यकर्त्यांनाही कळले आणि त्यांच्याविरुद्ध उठणाऱ्यांनाही. १६ ऑगस्ट १९४२ रोजी याच तळेगावशेजारच्या आष्टीत लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले आणि गोळ्या झेलून हुतात्मे झाले. त्या आंदोलनात देशभर ठिकठिकाणी तारा कापल्या गेल्या, त्यामागे हेच ज्ञान होते.

पण तारेला खांब लागतात आणि फौज तर रोज पुढे सरकते. त्यावर तोड काढली ती कराचीला तारखात्यात असलेल्या हेन्री मान्स या गृहस्थाने. १८६९ साली त्याने 'हेलिओग्राफ' बनवला. तिकाटण्यावर बसवलेला एक आरसा सूर्याचा कवडसा दूरच्या डोंगरावर फेकतो आणि त्याची लहान-मोठी लुकलुक म्हणजे मोर्सच्या सांकेतिक लिपीतली अक्षरे. ना तार, ना खांब, ना बॅटरी. हवा स्वच्छ असली तर तीस-चाळीस मैल निरोप जाई. १८७८ ते १८८० च्या अफगाण युद्धात हा आरसा फार उपयोगी पडला. ढग आले की मात्र सारे ठप्प.

त्या काळी ही कामे 'सॅपर्स अँड मायनर्स' म्हणजे लष्करी अभियंते करीत. आपल्या खडकीचे बॉम्बे सॅपर्स हे त्यांच्यातलेच एक जुने घराणे. पुढे हे काम इतके वाढले की त्याला वेगळे माणूसबळ लागणार हे उघड झाले. १५ फेब्रुवारी १९११ रोजी लेफ्टनंट कर्नल पॉवेल यांच्या हाताखाली फतेहगड येथे पहिल्या दोन सिग्नल कंपन्या उभ्या राहिल्या. सिग्नल्स दल आपला वर्धापनदिन त्याच तारखेला साजरा करते. त्यांच्या चिन्हावर देवांचा निरोप्या असलेला रोमन मर्क्युरी आहे आणि ब्रीद आहे 'तीव्र चौकस'. तीव्र म्हणजे वेगवान. पण नुसता वेग उपयोगाचा नाही, म्हणून पुढे चौकस.

हा दुसरा शब्द किती मोलाचा आहे, याचा धडा चार-पाच वर्षांतच मिळाला. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत या गावी सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात सापडली. त्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. सातारा-रत्नागिरीकडची कितीतरी घरे त्या वेढ्याकडे डोळे लावून बसली होती. ७ डिसेंबर १९१५ पासून १४७ दिवस वेढा चालला. बाहेरचे सारे रस्ते बंद होते, पण बिनतारी यंत्र चालू होते, आणि नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या सुटकेच्या फौजेशी अखेरपर्यंत बोलणे होत होते.

म्हणजे सिग्नलवाल्यांनी आपले काम चोख केले होते. पण सेनापती टाउनशेंड यांनी धान्याचा अंदाजच चुकीचा कळवला होता. साठा लवकरच संपेल या समजुतीने सुटकेच्या फौजेने पुरती तयारी नसताना जानेवारीत एकामागून एक हल्ले चढवले आणि हजारो माणसे गमावली. आणि जानेवारी सरता सरता कुतमधून नवा निरोप आला, की शोध घेतल्यावर सुमारे ८४ दिवस पुरेल इतके धान्य निघाले आहे. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडले. यंत्र खरे आणि खोटे यांत भेद करीत नाही. चुकीचा निरोपही ते तितक्याच वेगाने पोचवते.

तार तुटते तेव्हा

फौजेतली संदेशव्यवस्था गावच्या पाणीयोजनेसारखी असते, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. मोठ्या टाकीतून मुख्य नळ, त्याला फाटे आणि शेवटी घराघरातली तोटी. प्रत्येक डिव्हिजनला आपली सिग्नल रेजिमेंट असते, ब्रिगेडला सिग्नल कंपनी असते आणि पायदळाच्या पलटणीत तिची स्वतःची सिग्नल प्लाटून असते. नियम असा, की वरच्या मुख्यालयाने खालच्यापर्यंत जोडणी न्यायची. खालच्याने वाट शोधत वर यायचे नाही. शेजारच्या तुकडीशीही डावीकडच्याने उजवीकडच्यापर्यंत दुवा न्यायचा. हे आधीच ठरलेले असल्यामुळे 'ते आमचे काम नव्हते' असे म्हणायला कोणालाच जागा उरत नाही.

बोलण्यालाही शिस्त असते. सिनेमात नायक संच हातात घेऊन 'ओव्हर अँड आउट' म्हणतो. खरा सिग्नलमन ते ऐकून हसेल. 'ओव्हर' म्हणजे माझे झाले, आता तुम्ही बोला. 'आउट' म्हणजे संभाषण संपले. दोन्ही एकदम कसे होईल? 'रॉजर' म्हणजेही 'होय' नव्हे, तर नुसते 'ऐकले'. आणि अक्षरे सांगताना ब, ड, प यांचा घोळ होऊ नये म्हणून अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी ठरीव नावे घ्यायची. तळेगावला जसा कंस, तशी ही अक्षरांची पूर्ण नावे.

या शिस्तीची खरी परीक्षा होते ती पहिला तोफगोळा पडतो तेव्हा. जमिनीवरून नेलेली टेलिफोनची तार हे शत्रूचे पहिले लक्ष्य असते. ती तुटली की लाइनमनने खंदकातून बाहेर पडायचे, तार हातात धरून अंधारात चाचपत जायचे, तुटलेली टोके शोधायची, जोडायची आणि परत यायचे. बाकीचे जवान जेव्हा आडोसा शोधत असतात, तेव्हा याला आडोसा सोडावा लागतो. आणि जोडलेली तार पाच मिनिटांत पुन्हा तुटली, की पुन्हा निघायचे.

२० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे नेफामध्ये, नामका चू नदीच्या काठी, आपल्या सातव्या ब्रिगेडवर चिनी फौजेचा घाला आला. टेलिफोनच्या तारा सुरुवातीलाच निकामी झाल्या. रस्ता नसलेल्या त्या डोंगरात बिनतारी संच, त्यांच्या जड बॅटऱ्या आणि त्या चार्ज करणारी इंजिने माणसांच्या पाठीवरून किंवा विमानातून टाकून पोचवावी लागत होती. काही तासांत पुढच्या पलटणी आणि मुख्यालय यांच्यातला दुवा संपला. ब्रिगेडियर जॉन दळवी दोन दिवसांनी कैद झाले. चौथ्या डिव्हिजनचे सिग्नलप्रमुख लेफ्टनंट कर्नल के. के. तिवारी हेही आघाडीवर गेले असताना शत्रूच्या हाती सापडले आणि कित्येक महिने चीनच्या कैदेत राहिले. त्या पराभवाची कारणे पुष्कळ होती, आणि त्यांतली मोठी कारणे दिल्लीत होती. पण नदीकाठच्या जवानाच्या दृष्टीने पाहा. शेजारच्या तुकडीचे काय झाले, माघार घ्यायची की थांबायचे, हे सांगणारा आवाजच बंद झाला होता.

नऊ वर्षांनी चित्र पालटले. १९७१ च्या डिसेंबरात शत्रूचे बिनतारी बोलणे टिपणारे आपले कान जागे होते. १४ डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये दुपारी मोठी बैठक भरणार असल्याचे अशाच टिपलेल्या संदेशातून कळले. ऐन बैठकीच्या वेळी आपल्या मिग-२१ विमानांनी त्या इमारतीवर मारा केला. गव्हर्नर मलिक यांनी तिथेच राजीनामा लिहिला. दोन दिवसांनी, १६ डिसेंबरला, ढाक्यात शरणागती झाली. एका ऐकलेल्या निरोपाने हे घडले. म्हणूनच फौज कधी कधी रेडिओ पूर्ण बंद ठेवते. मजकूर उलगडला नाही तरी कुठून किती बोलणे चालले आहे, एवढ्यावरूनही शत्रू अंदाज बांधू शकतो. योग्य वेळी गप्प राहणे हेही सिग्नलमनचे कामच.

नागपूरची पदवी

सिग्नल्सच्या जवानांचे शिक्षण जबलपूर आणि गोवा येथील केंद्रांत होते. अधिकाऱ्यांचे मोठे शिक्षण महू येथील मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनीअरिंगमध्ये. महू म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मगाव. त्यांचे वडील सुभेदार रामजी तिथल्या लष्करी शाळेत शिकवीत. निरोप ज्यांच्या हाती सोपवायचा त्यांना आधी अक्षरओळख हवी. म्हणूनच सिग्नल्स हे प्रथमपासून शिकलेल्यांचे दल राहिले.

आता त्यात मुलीही आहेत. लष्करात स्त्रियांना अधिकारी म्हणून घेणे १९९२ मध्ये सुरू झाले. २०१९ च्या प्रजासत्ताक दिनी डेअर डेव्हिल्सच्या संचात कॅप्टन शिखा सुरभी धावत्या मोटारसायकलवर उभ्या राहून सलामी देत गेल्या. पुढच्याच वर्षी, १५ जानेवारी २०२० च्या सेनादिनी, परेड अॅड्ज्युटंट म्हणून तलवार घेऊन पुढे चालल्या त्या सिग्नल्सच्या कॅप्टन तानिया शेरगिल. मूळच्या पंजाबच्या, पण त्यांची इलेक्ट्रॉनिक्स आणि कम्युनिकेशनची पदवी आपल्या नागपूर विद्यापीठाची. त्यानंतर सुमारे महिन्याभराने, १७ फेब्रुवारीला, सर्वोच्च न्यायालयाने स्त्री अधिकाऱ्यांना कायम नेमणुकीचा हक्क देणारा निकाल दिला. तळेगाव-आष्टी-आर्वीकडच्या ज्या मुली विज्ञान शाखेची पुस्तके दप्तरात घालून एसटीची वाट पाहतात, त्यांनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. आपल्या हातातला मोबाइल ज्या लहरींवर चालतो, त्यांतल्या काही लहरी पूर्वी फौजेच्या वापरात होत्या. २००९ साली संरक्षण आणि दूरसंचार खात्यांत करार झाला. सैन्याने हवेतल्या लहरींचा काही भाग मोकळा करायचा आणि त्या बदल्यात सैन्यासाठी जमिनीखालून काचतंतूंचे स्वतंत्र जाळे टाकून द्यायचे, असे ठरले. २०२० मध्ये लष्कराच्या 'आस्कॉन' या संदेशजाळ्याच्या चौथ्या टप्प्यासाठी आयटीआय या सरकारी कंपनीशी सुमारे ७,७९६ कोटी रुपयांचा करार झाला. पैसा मोठा आहे. पण नामका चूच्या काठी काय झाले हे आठवले, की तो कशासाठी आहे हे कळते.

घर हेही एक ठाणे

एवढ्या मोठ्या जाळ्याचे शेवटचे टोक कुठे असते? कागदावर ते पलटणीच्या खंदकात असते. पण खरे टोक तळेगावसारख्या गावातल्या घरात असते. पूर्वी या घरातून जाणाऱ्या पत्रावर जवानाचे नाव, नंबर, पलटण आणि पुढे नुसते '५६ ए.पी.ओ.' किंवा '९९ ए.पी.ओ.' एवढेच असे. काश्मीर की राजस्थान, सियाचीन की सिक्कीम, काही कळायचे नाही. १ मार्च १९७२ पासून स्वतंत्र झालेल्या लष्करी टपाल दलाचे केंद्र आपल्या कामठीला आहे. घरच्यांना मुलाचा ठावठिकाणा ठाऊक नसे, पण पत्र मात्र त्याच्या बंकरपर्यंत बरोबर पोचे. आई पत्रात पावसाचे, संत्र्याच्या मृगबहाराचे, व्यायलेल्या गाईचे लिहवून घेई. 'कुठे आहेस' असे विचारायचे नसते, हे तिला कोणी शिकवले नव्हते. पण ती पाळत असे.

मग गावोगाव एसटीडीचे पिवळे फलक आले आणि गेले. जिच्या नुसत्या नावाने घराचे काळीज धडधडे, ती तारही जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आता बर्फातल्या चौकीवरून मुलगा व्हिडिओवर दिसतो. हे सुख थोडे नाही. पण जुन्या पत्त्यात जी गोष्ट लपलेली असे, ती आता फोन आपणहून सांगू लागला आहे. मुलाने प्रेमाने पाठवलेल्या फोटोत मागचा डोंगर दिसतो, गाडीचा नंबर दिसतो. वहिनी तो स्टेटसला लावते, काका गावच्या गटावर टाकतात. 'आमचा बाळू उद्या अमुक ठिकाणी निघाला' एवढे वाक्य पुरते. जुलै २०२० मध्ये लष्कराने आपल्या माणसांना फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अॅप फोनमधून काढून टाकायला सांगितले. पण हुकूम जवानाला देता येतो. त्याच्या आईला, मेहुण्याला, शाळेतल्या मित्राला तो कोण देणार?

तो ज्याचा त्यानेच घ्यायचा असतो. निरोप पोचवणे जितके अवघड, तितकेच तो राखणे. विशाळगडावरच्या तोफेचा अर्थ ठाऊक असलेला एकही माणूस बोलला नाही, म्हणून तो संकेत संकेत राहिला. ज्या घरातला मुलगा वा मुलगी आज सीमेवर आहे, ते घर हेही सिग्नल्सच्या जाळ्यातले एक ठाणेच आहे. तिथे पगार नाही, गणवेश नाही, पदक तर नाहीच. पुढच्या वेळी फोन येईल तेव्हा पाऊस कसा आहे ते सांगावे, संत्र्याला भाव काय मिळाला ते सांगावे, जेवलास का म्हणून विचारावे. आणि तो कुठे आहे, हे कळले तरी आपल्यापाशीच ठेवावे.